सोड्याचं पाणी आणि म्मे मादिनेओ

कल्पना करा, मंगळवारी सकाळचे नऊ वाजलेत. तुमच्यासमोर माइक आहे आणि फोनवर डोंगरापलीकडची एक बाई विचारते आहे, "म्मे, माझ्या पालकाची पानं कडेने जळतायत. काय करू?" तिचं अंगण तुम्ही पाहिलेलं नाही. माती कसली, झरा किती लांब, घरात खाणारी तोंडं किती, काही ठाऊक नाही. दोन मिनिटांत उत्तर द्यायचं, आणि त्या उत्तरावर एका घराची हिवाळ्यातली भाजी अवलंबून. द्याल?

म्मे म्हणजे आई; आमच्याकडे कुणाही वडीलधाऱ्या बाईला तसंच म्हणतात. म्मे मादिनेओ आमच्या छोट्या रेडिओ केंद्रावर चार वर्षं अशी उत्तरं देते आहे. मी काचेच्या अलीकडे आवाजाची बटणं सांभाळते. त्याआधी पंचवीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, म्हणजे पापा, ढवळला. तिचे दंड अजून तसेच आहेत, आणि घाई न करण्याची सवयही.

"म्मे, पाप्याची खरवड भांड्याला चिकटून बसते."

"पाणी घालून झाकून ठेव. सकाळी कोंबड्यांना दे. तारेच्या घासणीने भांडं कशाला झिजवतेस? कोंबडीची चोच फुकट आहे."

"भोपळे हिवाळाभर टिकत नाहीत."

"देठ मोडून घेतोस ना? मग कसे टिकतील! देठासकट काढ, छपरावर उन्हात ठेव. आणि बायकोला विचार, तिला हे ठाऊक असणार. तू तिला विचारलं नाहीस म्हणून मला फोन केलास."

आमच्याकडे अंगणात दगडांचा गोल, कमरेइतका उंच वाफा रचतात. मधोमध गवताची उभी टोपली, आणि तिथवर जायला एका बाजूने खाच. खरकटं, राख, धुण्याचं पाणी, सगळं त्या टोपलीत. वाकावं लागत नाही, पाणी वाया जात नाही. म्मेचं ठरलेलं वाक्य: "धुण्याचं पाणी फेकणारी बाई स्वतःची भाजी फेकते." ते आता बाजारात पोरंसुद्धा म्हणतात.

जळक्या पानांचा तो फोन मापालेसाचा. लग्नाला वर्षही न झालेली सून. आवाज दबलेला होता, घरातल्यांनी ऐकू नये तसा.

"वाफ्याचे दगड सासऱ्यांच्या मेंढवाड्याचे आहेत, म्मे. भिंत एका बाजूने पडलीच होती, म्हणून मागून घेतले. सासरे म्हणाले, मेंढ्या डोंगरावरून उतरायच्या आत भाजी ताटात दिसली नाही, तर दगड परत. आता दहा दिवस राहिलेत."

म्मेने विचारलं. खत जुनं? जुनं. पाणी टोपलीतच? टोपलीतच. साबण? हिरवी वडी, तीही थोडी. सावली? नाही. किडे? नाहीत.

"मग मला कळत नाही," म्मे म्हणाली. रेडिओवर असं कुणी म्हणत नाही. मी घाईघाईने गाणं लावलं.

बाहेर येऊन ती पायरीवर बसली. "मी सांगितलं तसंच केलंय पोरीने, आणि झाड मरतंय. म्हणजे खोट माझ्या सांगण्यात आहे. गुरुवारी तू मोकळी आहेस?"

रस्ता संपेपर्यंत टॅक्सीने आणि पुढे घोड्यावरून गेलो. पासष्ट वर्षांची म्मे ब्लँकेट खांद्यावर पिनेने आवळून अशी बसली होती, की माझ्या घोड्याला माझीच लाज वाटली असेल.

दारात सासू उभी होती, म्मे मासेनाते. उंच, कोरडी बाई.

"रेडिओवाली घरी आली! आता हिचा पालक गाणंही म्हणेल," ती म्हणाली.

"आधी जगू दे, मग गाऊ दे," म्मेने उत्तर दिलं आणि सरळ खाचेत जाऊन उभी राहिली.

तिने पानांकडे पाहिलंच नाही. टोपलीच्या कडेची माती बोटाने खरवडली. वर पांढरी, पापडीसारखी साय होती. जिभेला लावून ती थुंकली.

"धुण्याचा सोडा. कोण ओततंय?"

"मी नाही!" मापालेसा रडकुंडीला आली. "देवाशपथ, म्मे, मी फक्त वडी वापरते."

अंगणात दोरीवर सात ब्लँकेटं वाळत होती. मेंढ्यांबरोबर पुरुष डोंगरावरून येणार, म्हणून घरातली सगळी ब्लँकेटं धुऊन ठेवायची रीत. लोकरीतला धूर आणि चरबी काढायला कढत पाण्यात मूठमूठ सोडा लागतोच.

"ब्लँकेटं कुणी धुतली?"

म्मे मासेनाते भिंतीकडे बघत म्हणाली, "पाणी फेकायचं नाही असं तूच सांगतेस ना दर मंगळवारी? दोन आठवडे रोज पहाटे बादल्या वाहिल्या मी. गुडघे गेले माझे."

मापालेसा सासूकडे वळली. "तुम्ही? तुम्ही तर म्हणायचात, दगडात भाजी लावणारी सून मिळाली."

"म्हणायचे. सासू आहे मी. काहीतरी म्हणावंच लागतं."

म्मे मादिनेओ हसली नाही. "चूक तुझी नाही, मासेनाते. माझ्या घरी सोडा येतच नाही, तेव्हा माझ्या तोंडात तो शब्दच आला नाही. मी 'धुण्याचं पाणी' म्हटलं आणि मोकळी झाले."

मग उपाय. टोपली उपसून रिकामी केली, वरची वीतभर माती काढून दूर टाकली आणि झऱ्याचं स्वच्छ पाणी ओतलं, बादलीमागून बादली, सोडा खाली वाहून जाईपर्यंत. झरा वीस मिनिटांच्या चढावर. पहिली बादली मासेनातेनेच उचलली. जळकी पानं खुडली, मधले कोंब ठेवले.

पुढच्या आठवड्यात मापालेसाचा फोन आला. मेंढ्या चार दिवस आधीच उतरल्या होत्या. ताटात भाजी नव्हती, वाफ्यात नुसते बोटभर हिरवे कोंब होते. सासरे त्लाली, ज्यांना सगळे न्ताते, म्हणजे बाबा, म्हणतात, पहार घेऊनच आले.

"आणि?" म्मेने विचारलं.

"सासूबाई खाचेत जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आधी मला उचल, मग दगड. सासऱ्यांनी पहार खाली टाकली. मेंढवाड्याच्या भगदाडात काटेरी फांद्या कोंबल्या. म्हणाले, हिमापर्यंत थांबतो, पुढचं हिमच ठरवील."

मी काचेआडून अंगठा वर केला. म्मेचं लक्ष नव्हतं. तिने माइक जवळ ओढला.

"ऐका. चार वर्षं मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. सोड्याचं पाणी झाडाला नाही. ते वाटेवर ओता, धूळ बसेल. खळबळल्याचं दुसरं पाणी टोपलीत. हे मी आधी सांगायला हवं होतं."

पुढचा फोन वाजत होता. तिने हाताने मला थांबवलं.

"या पोरीने फोन केला म्हणून मला कळलं. पण मला अजून एक कळायचंय, आणि ते तुम्हीच सांगू शकता. माझं ऐकून पाणी ओतलंत, भाजी जळली, आणि आपलाच हात वाईट असं समजून गप्प बसलात, अशा तुम्ही किती जणी आहात?"