देवराईची कंसातली ओळ

कुठल्याही ऑफिसात फायली साठतात. आमच्या निसर्गमंडळात किस्से साठले, कारण फायलींना जागाच नव्हती. स्वारगेटजवळ शेखभाईंच्या बाइंडिंगच्या दुकानावर आमची एक खोली. तिथून नीमकरबाई थेट जागतिक परिषदांना जायच्या. बाई वनस्पतिशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या, मी त्यांचा टायपिस्ट.

बाईंना परिषदेच्या ठरावात एकच ओळ हवी होती: गावांनी रीतीने राखलेली वनं तोडू नयेत. लोणी काळभोरच्या पुढच्या एका देवराईतून रस्ता काढायचं घाटत होतं. ओळ मंजूर झाली की ती रस्त्यावाल्या साहेबांच्या टेबलावर आपटायची, असा त्यांचा बेत.

*

पहिल्या परिषदेहून बाई चिडून परतल्या. ओळ कंसात अडकली होती.

"कंसात म्हणजे?" मी विचारलं.

"एकमत झालं नाही की मजकुराला कंस घालतात. तोंडावर नाही म्हणायची लाज वाटते ना लोकांना."

शेखभाईंनी हे ऐकलं. पुढे अहवाल कधी बांधून मिळेल विचारलं, की म्हणायचे, "शुक्रवारी. कंसात." मिळायचा पुढच्या महिन्यात.

*

दुसऱ्या परिषदेत प्रदर्शन होतं. त्यासाठी बाईंनी राईतलं एक गळलेलं पान वहीत ठेवलं. आम्ही बसमध्ये चढलो, तोवर राईचे पुजारी तात्या बसस्टॉपपर्यंत मागे आले.

"बाई, राईतलं पान भाईर जात न्हाई. रीत हाय."

आख्खी बस थांबली. बाई उतरल्या, पान ठेवून आल्या. कंडक्टर मला म्हणाला, "आता झाड आणायला गेल्यात का?"

*

त्याच परिषदेचा एक फॉर्म होता. वनाच्या व्यवस्थापकाचं नाव आणि हुद्दा. बाई म्हणाल्या, "लिहा, देवी. कायमस्वरूपी."

फॉर्म परत आला. शेरा होता, 'सही राहिली आहे.'

*

तिसऱ्या परिषदेत कंस निघाले! मी विमानतळावर घ्यायला गेलो, तर बाई रडल्या. तिथून परस्पर आम्ही राईत गेलो. बाईंनी छापील ठराव तात्यांपुढे धरला. "तात्या, सगळ्या देशांनी मान्य केलं."

"देवीला इचारलं का?"

बाईंनी ठराव खाली घेतला.

"पान न्यायला बंदी, आन तुमी राई कागदावर घालून जगभर फिरवली? थांबा, कौल लावतो."

तात्यांनी देवीला फूल लावलं; उजवीकडे पडलं तर हो, डावीकडे तर नाही. आम्ही तासभर बसलो. फूल ना उजवीकडे पडलं, ना डावीकडे.

"देवीचं अजून ठरत न्हाई," तात्या म्हणाले. "फुडल्या अमावास्येला या."

बाईंनी पर्समधून पेन काढलं, आणि त्या ओळीला दोन्ही बाजूंनी कंस घातले.