वनीसच्या हातची भाकरी

वनीसला पुरलं त्या दुपारी चर्चच्या अंगणात दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी फिरत होती. खाणीवरचे लोक बिबावीभोवती येऊन बसले. बिबावी म्हणजे तिथला म्हातारा भट्टीवाला. वेदीवर जाणारी भाकरी त्याच्याच भट्टीत भाजली जाते. सगळं गाव त्याला अम्म, म्हणजे काका, म्हणतं.

"अम्म, तुमच्याच भट्टीवर होता तो," खाणीवरचा हिल्मी म्हणाला. "खरं सांगा. गोळी पुन्हा सुरू केली होती का त्यानं?"

डॉक्टरांनी हृदय थांबलं असं सांगितलं होतं. वनीसच्या बहिणीनं, इरिनीनं, सगळ्यांदेखत त्याचे खिसे उलटे करून दाखवले होते. खिशात काही नव्हतं. तरीही हिल्मीनं विचारलंच.

"नव्हती केली," बिबावी म्हणाला.

"तुम्हाला काय ठाऊक?"

खरंच, बिबावीला काय ठाऊक होतं? वनीसनं लग्न का केलं नाही, त्याला ठाऊक नव्हतं. वनीसला कोणतं स्तोत्र आवडायचं, तेही नाही. इतकी वर्षं एकाच परातीत दोघांचे हात होते, आणि सांगायला गेलं तर बोटांवर मोजण्याइतक्या गोष्टी.

वनीस आला तेव्हा चाळिशीचा होता. नाईलपलीकडच्या पांढऱ्या दगडाच्या खाणीत त्याची हयात गेलेली. तिथे धूळ आणि ऊन सोसायला सगळेच ती दुखण्यावरची गोळी घेतात. कुणी एक घेतं, कुणी मूठभर. वनीस मूठभर घेणाऱ्यांतला. चर्चचे पाद्री अबूना बाखूम यांनी त्याला व्यसन सोडवणाऱ्या आश्रमातून आणला आणि भट्टीच्या दारात उभा केला. नाक गळत होतं, जांभयांवर जांभया येत होत्या.

"याला हाताशी घ्या, अम्म."

"अबूना, या पिठात मीठसुद्धा चालत नाही," बिबावी कुरकुरला, "आणि तुम्ही हा आणलात?"

"मीठ नाही ना आणलं," अबूना म्हणाले आणि निघून गेले.

भट्टीवर गप्पा नाहीत. पीठ मळताना स्तोत्रं म्हणायची आणि पोटात अन्नपाणी काही नको. वनीसला स्तोत्रं येत नव्हती. बिबावी म्हणायचा, तो शेवटचा शब्द पकडून मागून ओढत यायचा. भाकरीवर क्रुसाचा ठसा उमटवून झाला की लाकडी टोच्यानं पाच भोकं पाडायची, खिळ्यांची आणि भाल्याची खूण म्हणून. वनीसचा हात इतका थरथरायचा की भोकं भलतीकडेच जायची.

रविवारी टोपली अबूनांसमोर जाते. ते एकेक भाकरी उलटीसुलटी करून बघतात आणि एकच निवडतात, जिला तडा नाही, डाग नाही. ती वेदीवर जाते. उरलेल्या प्रार्थनेनंतर लोकांना वाटतात.

"आज कोणाची घेतली?" वनीस विचारायचा.

"माझी."

"हं."

एवढंच. पण दर रविवारी विचारायचा.

एके शनिवारी हिल्मी भट्टीच्या दारात आला. खिशातून गोळ्यांचं पाकीट अर्धं वर काढून म्हणाला, "काय रे, आता पाद्री होतोस की काय? तोंड बघ, भिजलेल्या कोंबडीसारखं. एक घे, हात थांबेल. भाकरीही बरी होईल."

वनीसनं पाकिटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बिबावी मळायचा थांबला. टोकावं की नाही, त्याला कळेना, आणि टोकायचा त्याचा स्वभावही नव्हता.

"उपास आहे," वनीस म्हणाला.

हिल्मी गडबडला. आपल्यात उपास म्हटलं की पुढे बोलता येत नाही. "मग उद्या?"

"उद्याही आहे."

पाकीट आत गेलं. वनीस भांडला नाही, त्यानं शपथही घेतली नाही. त्यानंतर ज्यानं ज्यानं विचारलं, त्याला तो हेच सांगायचा.

बिबावीच्या मनात आलं, याची भाकरी एकदा वेदीवर गेली की हा सुटला. हात बराच स्थिर झाला होता. वर्षभर झालं असेल. एका रविवारी पहाटे बिबावीनं आपल्या सगळ्या भाकऱ्या फडक्याखाली झाकल्या आणि टोपलीत फक्त वनीसच्या ठेवल्या. वेदीशी अशी लबाडी त्यानं जन्मात केली नव्हती. अबूनांनी एक निवडली, पुसली, रेशमी रुमालात गुंडाळून डोक्याशी धरली आणि वेदीला फेरी घातली. लोक गात होते. बिबावीच्या डोळ्यांना पाणी आलं.

प्रार्थना आटोपल्यावर वनीस भट्टीतली राख काढत बसला होता.

"पाहिलीस ना?"

"पाहिली."

"मग?"

"काही नाही वाटलं, अम्म." तो राखेकडे बघत होता. "गोळी सोडल्यापासून काहीच वाटत नाही. आई गेली तेव्हाही नाही. खाल्लेल्याला चव नाही. सगळे म्हणतात आनंद होईल. कधी?"

हा आता सरळ खाणीकडे जाणार, असं बिबावीला वाटलं. अबूना असते तर काहीतरी चांगलं बोलले असते.

"मला नाही ठाऊक," तो म्हणाला. मग राहवेना म्हणून म्हणाला, "आणि ऐक. माझ्या भाकऱ्या मी झाकून ठेवल्या होत्या. तुझी निवडली जावी म्हणून."

"फडक्यातून वाफ येत होती. मी पाहिलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं." वनीसच्या नाकातून फस्सकन हवा निघाली. ते हसणं असावं. "पुढच्या वेळी नका झाकू."

तो आठवडा बिबावीनं कसाबसा काढला. शनिवारी वनीस आला. बाह्या वर केल्या आणि पीठ चाळायला बसला. काही वाटतं का, हे बिबावीनं पुन्हा कधी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. तो येत राहिला. पुढे भाकरी कधी याची जायची, कधी त्याची. वनीसनं विचारायचं सोडून दिलं होतं. स्तोत्राची सुरुवात मात्र आता तो करायचा आणि बिबावी मागून यायचा.

हिल्मीला यातलं काय सांगायचं? बिबावीनं कॉफीचा गाळ हलवला.

गेल्या शनिवारी सूर्य कलताना खमीर लावून झालं होतं. वनीसनं हात धुतले आणि चपला पायात सरकवल्या.

"अम्म, खमीर नीट झाका. मांजर फिरतंय."

"झाकतो. टोचा कुठे ठेवलास?"

"फळीवर, ठशाशेजारी."

"पहाटे उशीर नको करू."

"नाही करत," वनीस म्हणाला. "येतो."