बाकावरच्या बापांना दिलेली उत्तरं

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली, असं म्हटलं तर तेही पुरतं खरं होणार नाही. ती मी पुष्कळदा सांगितली आहे. नव्या समुपदेशकांच्या प्रशिक्षणात सांगितली, शिक्षकांच्या शिबिरात सांगितली, एकदा तर माइकवरून सांगितली आणि टाळ्या घेतल्या. घडली तशी मात्र कधी सांगितली नाही. आता सत्तरी ओलांडली. ज्यांच्यापुढे मान राखायचा होता त्यांतले बरेचसे गेले, उरलेल्यांना माझ्या मानाशी काही देणंघेणं नाही. तेव्हा लिहून टाकतो.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवायचो. निवृत्त झाल्यावर जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात तरुण पोरापोरींसाठी समुपदेशक हवा होता, मानधनावर. घरी बसून पेपर वाचण्यापेक्षा बरं, म्हणून गेलो. एक्स-रेच्या शेजारची खोली मिळाली. दारावर समुपदेशन कक्ष अशी पाटी होती, पण लोक तिला समजावणीची खोली म्हणायचे. डॉक्टर आधी पोरांना तपासायचे. चक्कर, पोटदुखी, छातीत धडधड अशा तक्रारी असायच्या. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले की चिठ्ठी देऊन माझ्याकडे पाठवायचे. नातवाला घेऊन आलेला एक म्हातारा अर्धा तास दारात उभा राहून शेवटी वैतागला होता. "सर, तुमी कवाचे नुसते बोलूनच राह्यले! एखादं इंजेक्शन तं मारा!" नातू मोबाईलशिवाय जेवत नव्हता. त्याला हसू आलं, मलाही आलं, आणि त्या दिवशी पोरगा पहिल्यांदा मोकळा बोलला.

खोलीबाहेर एक लोखंडी बाक होता. पोरांशी मी एकट्यानं बोलायचो, आईबाप त्या बाकावर बसायचे. पोर बाहेर आलं की आया पोरांकडे बघायच्या आणि बाप माझ्याकडे. पोराचा बाप काहीही विचारायचा: अभ्यास करन का, मोबाईल सोडन का, मिलिटरीत चालन का. पोरीचा बाप मात्र एकच गोष्ट विचारायचा. जवळ यायचा, खांद्यावरचा दुपट्टा उगाच सारखा करायचा आणि खालच्या आवाजात म्हणायचा, "सर, बाकी काही नाही ना?"

बाकी म्हणजे काय, ते त्यालाही ठाऊक आणि मलाही.

खोलीत बोललेलं खोलीत राहील, जिवाला धोका असेल तरच मी घरच्यांशी बोलेन, हे मी प्रत्येक पोराला पहिल्याच दिवशी सांगायचो आणि माझ्या समजुतीप्रमाणे पाळायचोही. पण 'बाकी काही नाही ना' असं कुणी विचारलं आणि खरोखरच काही नसलं, की मी लगेच म्हणायचो, "नाही हो, बिलकुल नाही. परीक्षेचं टेन्शन आहे, बस." नाही म्हणणं म्हणजे काही सांगणं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. उलट मला वाटायचं, मी त्या पोरीवर उपकार करतोय. बापाचा चेहरा सैल व्हायचा, तो पोरीला उसाचा रस पाजायचा, मोटरसायकलवर मागे बसवून घरी न्यायचा. पुढच्या खेपेला माझ्यासाठी सीताफळं यायची. असं किती जणांना 'नाही' म्हटलं त्याचा मी हिशेब ठेवला नाही. त्यांतले एक कृषी केंद्रवाले होते. मुलीची झोप उडाली होती म्हणून घेऊन आले होते. माझं 'नाही' ऐकून त्यांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांचं बी-खतांचं दुकान स्टँडच्या रस्त्यावर होतं आणि पेरणीच्या आधी आजूबाजूच्या गावांतला निम्मा शेतकरी तिथे बसलेला असायचा.

ती मुलगी त्यानंतरच्या वर्षी आली. बारावी सायन्सला होती. जळगाव जामोदकडच्या एका खेड्यातून रोज एसटीनं कॉलेजला यायची. प्रॅक्टिकलच्या तासाला दोनदा चक्कर येऊन पडली, म्हणून तिची मैत्रीण तिला दवाखान्यात घेऊन आली. रिपोर्ट नॉर्मल आले. माझ्यासमोर दप्तर मांडीवर घट्ट धरून बसली.

"सर, येथ बोलेल बाहेर जाते काय?"

"नाही बेटा. माझ्या तोंडातून शब्द निघणार नाही."

"बाबानं इचारलं तं?"

"तरी नाही."

"शपथ घ्या."

"अगं, शपथ कशाला?"

"घ्या तं!"

घेतली. तरी त्या दिवशी ती फक्त अभ्यासाबद्दल बोलली. दुसऱ्या खेपेला सांगितलं. मुलगा वर्गातलाच, शेजारच्या गावचा, जात वेगळी. एकाच बसनं यायचे-जायचे आणि फोनवर बोलायचे, एवढंच. पण घरात फोनचा दिवा लागला की तिचा श्वास अडकायचा. हातापायांना मुंग्या यायच्या, डोळ्यांपुढे अंधारी यायची. पुढे पुढे फोन नसतानाही तसं व्हायला लागलं.

मी तिला श्वास सावकाश सोडायला शिकवलं. त्यापेक्षा जास्त उपयोग झाला तो बोलण्याचा. कशाची भीती वाटते, त्यातलं आपल्या हातात काय आहे, हे आम्ही हळूहळू वेगळं करत गेलो. सल्ला मी फारसा दिला नाही, ठरवलं तिनंच. त्या मुलाला तिनं सांगून टाकलं की परीक्षा होईपर्यंत फोन बंद. आणि परीक्षा झाल्यावर आईला सगळं स्वतः सांगायचं.

"आईले मीच सांगन, सर. आई आधी रागावन. मंग रडन. मंग इचारन, पोरगा काय करते म्हून. मले मालूम हाय तिचं," असं म्हणून ती हसली. तोवर तिची चक्कर थांबली होती. तिला नर्सिंगला जायचं होतं. माझ्याकडून निघाली की वॉर्डच्या दाराशी थांबून ती सिस्टरांना सलाईन लावताना बघायची. एका सिस्टरनं तिला "काय गं, नोकरी पाहिजे का?" असं विचारलंही होतं.

तिचे वडील आले ते एकटेच, आडवारी; ती माझ्याकडे यायची तो बुधवार नव्हता. तालुक्याला काही काम होतं म्हणाले. बाकावर बसले नाहीत, सरळ आत आले.

"रामराम सर."

"रामराम. बसा. पोरगी बरी आहे ना?"

"बरी हाय. चक्कर नाही आली आता. तुमचे उपकार." त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला. मग म्हणाले, "सर, बाकी काही नाही ना?"

"बाकी म्हणजे?" मी म्हणालो. हा प्रश्न मी त्याआधी कुणालाच विचारला नव्हता.

"आता तुमाले काय सांगाव. कृषी केंद्रवाल्या भाऊनं सांगतलं मले. म्हने, सर लपवत नाहीत. काही नसलं तं सरळ नाही म्हन्तेत. त्याच्या पोरीच्या टायमाले तुमी लगेच सांगतलं होतं म्हने."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, मी आजवर काय करून ठेवलं होतं.

"हे बघा," मी म्हणालो, "इथे पोरं जे बोलतात ते मी कुणालाच सांगत नसतो. तो नियम आहे."

"मी कुठं सारं इचारून राह्यलो? नाही म्हना, एवढंच. एका शब्दाचं काम हाय, सर."

मी बोललो नाही. 'नाही' म्हणणं खोटं होतं. 'हो' म्हणायचा प्रश्नच नव्हता. शेजारी एक्स-रेवाला कुणाला तरी श्वास रोखून धरायला सांगत होता. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, मी बघायला हवं त्यापेक्षा जास्त वेळ खिडकीकडे बघितलं. मग त्यांनी मान खाली घातली.

"बरं. समजलं."

"नाही, तुम्ही तसं काही समजू नका..."

"तुमी काहीच बोलले नाही, सर. तुमच्यावर बोल नाही." असं म्हणून ते उठले. संतापी माणूस नव्हता तो. जाताना दार हळूच लोटून घेतलं.

मी त्यांच्या मागे गेलो नाही. निदान त्यांना बसवून, चहा पाजून, पोरीशी कसं बोलावं हे तरी सांगता आलं असतं. मैत्रिणीचा फोन नंबर माझ्याकडे होता. पोरीला सावध करता आलं असतं, म्हणजे त्या संध्याकाळी तिनं स्वतःच आईला सांगितलं असतं, तिला सांगायचं होतं तसं. यातलं मी काहीच केलं नाही. घरी गेलो आणि बायकोला म्हणालो, "आज एका बापानं फार आग्रह केला, पण मी तोंड उघडलं नाही." तिनं विचारलं, "मग तो काय समजला?" मी म्हणालो, "काय समजणार!" आणि जेवायला वाढ म्हणालो.

पुढच्या बुधवारी मुलगी आली नाही. त्याच्या पुढच्या बुधवारी मैत्रीण एकटी आली.

"सर, तिले मामाच्या गावाले नेलं. फोन बी काढून घेतला."

"आणि परीक्षा?"

"नाही देऊन राह्यली." ती दारातच उभी होती. "सर, तिच्या बाबाले कसं मालूम पडलं असन?"

"मला काय माहीत," मी म्हणालो. त्या सगळ्या प्रकरणात माझ्या तोंडून निघालेलं सरळ खोटं तेवढं एक.

मुलीला अठरा पूर्ण झाल्यावर लग्न करून धाड गावात दिली, असं नंतर कानावर आलं. परीक्षा राहिली ती राहिलीच.

त्यानंतर मी बाकावरच्या बापांना उत्तर देणं बंद केलं. काही असो, काही नसो, सगळ्यांना सारखंच सांगू लागलो की पोरीलाच विचारा, पण आधी तिचं जेवण होऊ द्या आणि तुमचा आवाज चढू देऊ नका. काही दिवस लोक नाराज झाले. सर आता आखडू झाले, असं म्हणायचे. सीताफळंही बंद झाली. प्रशिक्षणात मी नव्या मुलामुलींना ही पद्धत आवर्जून शिकवली, पण ती कशातून आली ते सांगितलं नाही. त्याऐवजी त्या बापाची गोष्ट सांगितली: तो समोर बसून हट्ट करतोय, मी गप्प आहे, आणि एका मुलीचं गुपित कसं राखलं गेलं. गोष्ट मी तिथेच थांबवायचो. पुढे काय झालं, असं कुणी विचारलंच तर म्हणायचो, "मुलगी बरी झाली." चक्कर थांबली होती, म्हणून तेही खोटं नव्हतं.

गेल्या वर्षी भाच्याच्या साखरपुड्यासाठी धाडला गेलो. आठवडी बाजाराचा दिवस होता. परतीच्या जीपला वेळ होता म्हणून बाजाराच्या कडेनं चालत होतो, तर एका घराच्या पुढच्या खोलीतून हाक आली, "सर!" शिलाई मशीन, भिंतीवर टांगलेले ब्लाउज, आणि मशीनमागे ती. अंगानं भरली होती, पण मी तिला लगेच ओळखलं. शेजारी खाटेवर तिची सासू गवार मोडत बसली होती.

"आई, हे आमचे कॉलेजचे सर," ती म्हणाली. दवाखान्याचं नाव तिनं घेतलं नाही.

"सर का? मग बसा ना, उभे काहून?" सासूनं खाटेवर जागा केली. "बरं झालं आले. मला सांगा, तुमची ही विद्यार्थीण हुशार होती का हो? आम्हाला तर रोज ऐकवते. बारावीची परीक्षा तर दिली नाही म्हणे. काहून नाही दिली हो सर?"

"तब्येत बरी नव्हती तवा माही," ती मशीनवरून नजर न काढता म्हणाली.

"घ्या! इतकी वर्षं झाली तरी हिचं माही-तुही काही जात नाही," सासू म्हणाली, आणि दोघी हसल्या. सासू वाईट नव्हती. चहा आला. ब्लाउजची गिऱ्हाइकं येत-जात होती. मी जे बोलायला हवं होतं ते बशीत चहा ओतेपर्यंत माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या खोलीत तिची माफी मागायची म्हणजे कशाबद्दल ते सांगावं लागणार होतं, आणि तेही तिच्या सासूच्या पुढे. मी साखरपुड्याच्या जेवणाबद्दल बोलत राहिलो.

ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. समोर जीपवाला ओरडत होता. "बुलडाणा, बुलडाणा, एक सीट!"

"सर," ती हळू आवाजात म्हणाली, "ते तिनंच सांगतलं होतं ना? माह्या मैत्रिणीनं? तिच्याशी मी तवापासून बोलली नाही. तुमच्यावर तं मले कधीच शक आला नाही."

"तिनं नाही सांगितलं, बेटा. तिच्याशी बोल तू."

"मंग कोनं?"

जीपवाला म्हणाला, "बाबा, येता का? गाडी निघाली." तो आणखी दोन मिनिटं थांबला असता. बाजाराच्या दिवशी एका सीटसाठी जीपवाले कितीही थांबतात, हे मला ठाऊक होतं. मी जीपमध्ये चढलो. ती हात डोळ्यांवर धरून उन्हात उभी राहिली. मी काहीतरी म्हणेन असं तिला वाटत असावं.

म्हणायचं होतं ते असं होतं: बेटा, मी सांगितलं. तोंड न उघडता सांगितलं. दुसऱ्या पोरींच्या बापांना मी सहज 'नाही' म्हणत आलो, आणि तुझ्या बापापुढे गप्प बसलो, त्यातून त्यांना हवं ते उत्तर मिळालं. ते समजले, हे मला त्याच क्षणी कळलं होतं, तरी मी तुला सावध केलं नाही. तुझ्या आईला तू सांगणार होतीस, ते सांगणं मी तुझ्याकडून काढून घेतलं. तुझी परीक्षा गेली, तुझी मैत्रीण गेली, आणि मी लोकांपुढे टाळ्या घेतल्या. माझं चुकलं. मला माफ कर.