भिऊ नको म्हणणारी बाई

माझी सासू मरायला घाबरत होती, आणि ही गोष्ट मोठ्यानं बोलायची आमच्यात सोय नव्हती. आमच्यात म्हणजे बेंगळुरूतल्या मराठी ख्रिस्ती लोकांत. दर शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी आमची प्रार्थना-संगती भरते. निम्मी कुटुंबं आमच्यासारखी, बेळगाव-निपाणीकडून येऊन राजाजीनगरात मुरलेली, बोलता बोलता कन्नडात घसरणारी. निम्मी पुण्या-नागपूरहून आयटीत आलेली, इंग्रजीच्या कुबड्या घेतल्याशिवाय देवाशीही न बोलणारी. एकमेकांचं फारसं पटत नाही. पण मराठीत गाणी म्हणायला मिळतात म्हणून सगळे येतात, आणि एका बाबतीत सगळ्यांचं एकमत असतं. विश्वासणारा माणूस भीत नाही. भ्याला, तर त्याच्या विश्वासातच खोट. पूर्ण प्रीती भीतीला घालवून देते, हे बायबलातलं वचन शाळेतल्या पाढ्यासारखं सगळ्यांना पाठ आहे.

सासूला हे सगळ्यांत जास्त लागू होतं, कारण हेच शिकवण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. आमच्या भागातल्या एका मिशन दवाखान्यात ती बायबलबाई होती. पांढरी साडी नेसून रोज खाटांमधून फिरायचं, रोग्याजवळ बसून शास्त्रातल्या चार ओळी वाचायच्या, प्रार्थना करायची आणि भिऊ नको म्हणून सांगायचं, हे तिचं काम. त्या दवाखान्यात ज्यांची माणसं गेली ते लोक अजून कुठे भेटले की तिचे हात हातात घेऊन रडायचे. घरात मात्र या बाईच्या तोंडून मला एक गोड शब्द ऐकायला मिळाला नाही.

तिला मास्तरणीची मुलगी हवी होती, आणि मुलानं आणली तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या घरातली. माझी भाकरी जाड, माझा आवाज मोठा, माझी प्रार्थना तोकडी. मीही काही गरीब गाय नव्हते, एकाला दोन देत होते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पंचवीसेक वर्षं राहिल्या. नवरा यशवंतपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. तिथं म्हणे त्याचा मोठा दरारा. घरात आमची जुंपली की तो चपला घालून दूध आणायला जायचा, फ्रिजमध्ये दूध असलं तरी.

मागच्या वर्षी तिचं हृदय थकलं. छातीत पाणी व्हायला लागलं, दोनदा दवाखान्यात ठेवून झालं, आणि शेवटी डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हणून सांगितलं. ऑक्सिजनचं यंत्र भाड्यानं आणलं. दिवसभर बाई ठेवणं परवडणारं नव्हतं, म्हणून मी इंदिरानगरच्या ऑफिसातून बिनपगारी रजा घेतली. तिचं हगणंमुतणं, आंघोळ, पेज भरवणं माझ्याकडे आलं. ते मी प्रेमानं केलं असं म्हणणार नाही. करायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून केलं, आणि मनातल्या मनात शिव्या घालत केलं.

मला तिची भीती कळली ती एका दुपारी तिचं अंग पुसताना. मी पाणी बदलायला उठले तर तिनं माझं मनगट धरलं. खोलीचं दार लोटू नको म्हणाली. मग माझ्याकडे न बघताच तिनं विचारलं, शेवटी श्वास अडकतो का? खूप वेळ अडकतो का? मला वाटलं, भ्रमात आहे. पण डोळे अगदी जागे होते. नंतर रोजच ती काहीबाही विचारू लागली. पेटीत घालायच्या आधी माणूस मेलाय हे नीट बघतात ना? पलीकडे कुणीच नसलं तर?

हे सगळं ती मलाच का विचारते, याचा मी बरेच दिवस विचार केला. मुलासमोर तिला लाज होती, संगतीतल्या बायकांसमोर तर फारच. माझ्यासमोर नव्हती. माझ्या मताला तिनं कधी किंमतच दिली नव्हती, त्यामुळे माझ्या नजरेतून उतरण्याची तिला भीती नव्हती. राग यावा अशीच ही गोष्ट, आणि मला रागच आला.

मी नवऱ्याला सांगितलं, ते एवढ्यासाठी की त्यानं कामावरून आल्यावर तिच्याजवळ थोडं बसावं. त्यानं आधी उडवून लावलं. आई आणि भीती, काहीतरीच. मग शुक्रवारी संगतीत प्रार्थनेसाठी विनंत्या मागितल्या तेव्हा या शहाण्यानं उठून सांगितलं की आईच्या मनात मरणाची भीती शिरली आहे, तिच्यासाठी प्रार्थना करा. आमच्यात चहाडी अशीच चालते. नुसतं सांगितलं तर ती निंदा होते, डोळे मिटून सांगितलं की प्रार्थना होते. रविवारपर्यंत राजाजीनगरापासून पार इंदिरानगरापर्यंत सगळ्यांना कळलं. सासूच्या एका जुन्या मैत्रिणीनं फोन करून तिला धीर दिला, तेव्हा तिलाही कळलं.

त्या दिवशी तिनं पेजेची वाटी हातानं ढकलून दिली. मी सांगितलं असंच तिनं धरलं होतं. तिचा मुलगा असं करेल हे तिच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं, आणि नवरा दारात उभा राहून गप्प बसला. मग दूध आणायला गेला.

पुढच्या शुक्रवारी संगती आमच्याच घरी भरवायचं ठरलं. दोन कामं होती, भीतीचा आत्मा घालवून द्यायचा आणि शेवटची साक्ष घ्यायची. आमच्यात माती झाल्यावर काही दिवसांनी उपकारस्तुतीची उपासना होते. गेलेला माणूस शेवटी कसा गेला, काय बोलला, हे तिथं सांगतात. पूर्वी घरचं कुणीतरी उठून सांगायचं. आता माणूस जिवंत असतानाच मोबाईलवर टिपून ठेवतात आणि उपासनेत पडद्यावर दाखवतात. अशा बऱ्याच साक्षी मी बघितल्या आहेत. त्यांत भ्यालेला माणूस एकही नव्हता. इतके शूर लोक एकाच संगतीत कसे जमले, हे मला न सुटलेलं कोडं आहे.

संध्याकाळी सगळे आले. जिन्यापर्यंत चपला, दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नाही. संगतीचा म्होरक्या पुण्याचा, पस्तिशीतला, कुठल्याशा कंपनीत मॅनेजर. सगळ्या म्हाताऱ्यांना आजी म्हणायचं आणि प्रार्थना मीटिंगसारखी चालवायची, ही त्याची पद्धत. त्यानं सासूच्या डोक्यावर हात ठेवून भीतीला निघून जायचा हुकूम केला. मग विचारलं, आजी, गेली का? त्यानं पुन्हा हुकूम सोडला आणि पुन्हा विचारलं. सगळ्यांत पुढे बसलेली ती जुनी मैत्रीण मोठमोठ्यानं आमेन म्हणत होती. शेवटी सासू म्हणाली, गेली.

मग मोबाईल समोर धरल्यावर ती अशी काही बोलली की मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबले. दवाखान्यातला तिचा जुना आवाज होता तो. मला कसलीही भीती नाही, मी आनंदानं घरी चाललेय, तुम्हीही कुणी भिऊ नका. बायका रडल्या. नवरा रडला. पण ती बोलत असताना खालून कांदे-बटाट्याची गाडी भोंगा वाजवत गेली होती, म्हणून म्होरक्या म्हणाला, आजी, आवाज क्लिअर आला नाही, एकदाच परत घेऊ.

दुसऱ्यांदा तिला ते जमेना. मला कसलीही, एवढं म्हणून ती थांबायची आणि नाकातल्या नळीतून हवा ओढायची. ओठ निळे पडत होते. तो मोबाईल तसाच धरून होता आणि मान हलवून तिला उत्तेजन देत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ट्रे खाली ठेवला आणि त्याच्या हाताला धरून मोबाईल बाजूला केला.

“पुरे,” मी म्हटलं. “त्या घाबरल्यात. घाबरू द्या त्यांना.”

म्होरक्या शांतपणे म्हणाला की सैतान असाच जवळच्या माणसाच्या तोंडून बोलतो. मी काही बोलणार इतक्यात सासूच बोलली. श्वास नव्हता तरी बोलली.

“हिला बाहेर काढा की.”

माझ्याच घरात मला स्वयंपाकघरात जाऊन उभं राहावं लागलं. आत सगळे गाऊ लागले. मी ओट्याशी उभी राहून रडले, आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. देवावरही मी संतापले होते. एका गोष्टीचा विचार मात्र मनातून जाईना. आमचा प्रभू मरणाच्या आदल्या रात्री एका बागेत प्रार्थना करताना इतका घाबरला की त्याला घाम फुटला. हे लहानपणापासून आम्हाला शिकवलेलं. त्यानं तेव्हा मित्रांकडे साक्ष मागितली नाही की धीराचे शब्द मागितले नाहीत. इथं माझ्याजवळ जागे राहा, एवढंच मागितलं. तेही त्यांना जमलं नाही, झोपले. आणि आम्ही त्याचेच लोक, एका म्हातारीला घाबरण्याचीही मोकळीक देत नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीचे उंटावरून शेळ्या हाकतात.

नंतर चार-पाच दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझ्या हातानं खायची, माझ्या हातानं कूस बदलायची आणि तोंड भिंतीकडे करायची. एका दुपारी नवरा कामावर होता, मी तिच्या पायांना तेल लावत होते. तिनं मला उशी उंच करायला सांगितलं.

“त्या दवाखान्यात,” ती म्हणाली, “मी सगळ्यांना भिऊ नको म्हणून सांगायचे आणि उठायचे. पुढची खाट. घंटा झाली की घरी.”

मी तेल लावत राहिले.

“शेवटाला मी कुणाजवळ थांबलेच नाही गे. एकदाही नाही. मला बघवत नव्हतं.” तिनं नळीतून हवा ओढून घेतली. मग म्हणाली, “तू जाऊ नको.”

मी म्हटलं, “नाही जात, आत्ती.” आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात. मी काहीतरी चांगलं बोलायला गेले, तर तिनं हात वर केला.

“बोलू नको. तुझं बोलणं मला आवडत नाही. नुसती बस.”

मी बसले. पुढचे काही दिवस मी स्वयंपाक सोडून बाकी तिथंच बसून असायचे. भाजी तिथंच निवडायची, जेवण तिथंच. खालच्या मजल्यावरची अक्का सांबार आणून द्यायची आणि दारातूनच परत जायची. आम्ही गोड झालो असं काही नाही. चहात साखर कमी पडली की ती तोंड वाकडं करायची, आणि मी मुद्दाम तसाच चहा परत आणायचे. पण ती भ्याली की माझा हात धरायची आणि मी धरू द्यायचे. तिची भीती काही गेली नाही. तेव्हा मला प्रथम वाटलं की हिच्यावर माझा जीव आहे. मला ते आवडलं नाही, पण होतं.

एका सकाळी ती गेली. सोपं नव्हतं ते. श्वास अडकला, खूप वेळ अडकला. डोळे मोठे करून ती माझ्याकडे बघत होती आणि तिची नखं माझ्या तळहातात रुतली होती. मी काही बोलले नाही. नवरा पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभा होता, या वेळी तो कुठे गेला नाही.

उपकारस्तुतीच्या उपासनेत ती साक्ष पडद्यावर दाखवली. पहिलीच घेतली होती, कांदे-बटाट्याच्या भोंग्यासकट. सगळे डोळे पुसत होते. मग रीतीप्रमाणे म्होरक्यानं विचारलं की घरच्यांपैकी कुणी शेवटच्या क्षणांबद्दल सांगेल का. नवरा उठला. त्यानं माझ्याकडे बघितलं. म्होरक्यानं मला मदत म्हणून सुरुवात करून दिली, आजी अगदी शांतपणे गेल्या ना?

मी उभी राहिले. समोरची सगळी माणसं हो ऐकायला तयार बसली होती. हो म्हटलं असतं तर दोन मिनिटांत जेवणाच्या पानावर बसलो असतो.

“नाही,” मी म्हटलं. “भीत भीत गेल्या. माझा हात धरून गेल्या.”

कुणी आमेन म्हटलं नाही. म्होरक्यानं घाईघाईनं शेवटचं गाणं सांगितलं. जेवताना माझ्या आजूबाजूच्या दोन खुर्च्या रिकाम्याच राहिल्या, आणि मी भात कालवत एकटीच बसले. नवऱ्यानं लांबून माझ्याकडे बघितलं आणि वाढायला निघून गेला.

थोड्या वेळानं सासूची ती जुनी मैत्रीण हातात ताट घेऊन आली आणि शेजारी बसली. मला वाटलं, आता ही झाडणार. तिनं भात चिवडला. मग कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू तिनं विचारलं की तिची वेळ आली तर मी येऊन बसेन का.

मी येईन म्हटलं. तिच्याशीही माझं कधी पटलेलं नाही.