नदीतले लाल खांब

शेजाऱ्यांनी फाटकाला लाल रंग दिला आणि त्या वासानं मला पूर्णा नदीचा काठ आठवला. नावाड्याला खडक कळावेत म्हणून पात्रात ताजा रंग दिलेले लाल खांब रोवले होते, त्यांवर दिवे होते. ते कसे तपासायचे, हे एक साहेब आम्हा गावकऱ्यांना शिकवत होते.

नाव उलटून जिचा नवरा बुडाला, ती सरूकाकी सगळ्यांच्या पुढं बसली होती. तिनं विचारलं, "साहेब, दिवा इझलेला दिसला तर आमी कुणाला सांगायचं?"

"आम्हाला कळवा. माणूस लगेच येईल."

काकी हसली. तिला हसताना बघून मलाही हायसं वाटलं.

पुढच्याच पुरात खांब वाहून गेले. आम्ही कळवत राहिलो, कुणी आलं नाही. मग काकीचा थोरला मुलगाही त्याच खडकांवर नाव आपटून बुडाला.

ते हसू आठवलं की आता शेजाऱ्यांचं फाटक बघवत नाही. काकी कुणालाच काही विचारत नाही.