सरांच्या डाव्या कानाशी

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. रिटा मावशींनी मला घरातल्या क्रुसासमोर उभं करून तसं कबूल करून घेतलं होतं. पण दोन वर्षं दर शुक्रवारी सिनेमा बघितला की किस्से साठतात. माझ्यासारख्या न बोलणाऱ्या मुलीकडे तर जास्तच साठतात, त्यांना बाहेर पडायला वाटच नसते.

तर आमच्या शेजारचे फेलिक्स सर. शाळेत मराठी शिकवायचे, आता रिटायर झालेत. इथल्या एका साप्ताहिकात ते सिनेमावर लिहितात, आणि त्यांचं सदर वाचल्याशिवाय तिकीट न काढणारी माणसं वसईत पुष्कळ आहेत. गुपित एवढंच, की सरांना सिनेमा दिसत नाही. जिकडे बघावं तिकडे मधोमध काळा डाग येतो. कडेकडेचं दिसतं, म्हणून ते रस्त्याने नीट चालतात आणि कुणाला कळत नाही. पडद्यावर काय चाललंय ते मी त्यांच्या डाव्या कानात सांगते.

संपादकांना कळलं तर सदर जाणार. आणि सर म्हणतात, "सदर गेलं तर शुक्रवार उगवायचा कशाला?"

*

माझ्याआधी हे काम सरांच्या बायकोकडे, म्हणजे रिटा मावशींकडे होतं. पण मावशी पहाटे पाचला उठतात. एसी थिएटरात अंधार झाला की त्यांचे डोळे मिटतात.

एकदा सरांनी लिहिलं, "नायकाच्या वडिलांचं पुढे काय झालं, हे सांगायला दिग्दर्शक विसरला आहे." अंक निघाला आणि वाचकांचे फोन सुरू झाले. वडील मध्यंतराआधीच वारले होते. अंत्यविधीसकट चांगली पंधरा मिनिटं तेच चाललं होतं.

सरांनी विचारलं तर मावशी म्हणाल्या, "मला जाग आली तेव्हा सगळे पांढऱ्या कपड्यांत होते. आमच्यात पांढरं म्हणजे लग्न. म्हटलं, चांगलं चाललंय, आणि परत झोपले."

पुढच्या शुक्रवारी सरांनी मला हाक मारली.

*

मी वर्गात हजेरीला 'प्रेझेंट' म्हणते तेही बाईंना ऐकू जात नाही. सर म्हणाले, "मला असाच आवाज पाहिजे. थिएटरात बाकी कुणाला त्रास नको."

पहिल्या सिनेमात मी सांगितलं, "नायिका खूप दुःखी दिसतेय."

सर कुजबुजले, "ते नको. चेहऱ्यावर काय आहे ते सांग."

मी नीट बघितलं. "ओठ दाबलेत. कानातलं एकच आहे. दुसऱ्या कानाला सारखा हात लावतेय."

"हां," सर म्हणाले. "आता दुःख माझं मी बघतो."

तेव्हापासून मी माणसांकडे वेगळीच बघायला लागले. आमच्या वाडीवर चाफा न्यायला येतो तो व्यापारी भाव सांगताना खोटं बोलत असला की अंगठ्याने बोटातली अंगठी फिरवतो. हे मी पप्पांना अजून सांगितलेलं नाही.

*

मग तो लढायांचा मोठा सिनेमा आला. मला सगळं सांगता सांगता धाप लागली. "घोडे आले. तलवारी. धूळ. परत घोडे. तो पडला. नाही, दुसराच पडला. घोडे." तीन तास मी जवळजवळ घोडेच सांगत होते.

सरांनी लिहिलं, "या चित्रपटात घोड्यांचं काम सर्वांत संयत आहे. त्यांना संवाद दिलेले नाहीत, हा दिग्दर्शकाचा एकमेव शहाणा निर्णय."

*

कोकणातल्या एका घरावरचा सिनेमा होता. सून विहिरीवर जाते आणि कळशी हातातून सुटते. मी सांगितलं, "विहीर खूप खोल आहे. आत नुसता काळोख."

सर म्हणाले, "खोल नाही. कमरेएवढी असेल."

मला वाटलं, मीच चुकले. पण मी परत बघितलं, काळोखच होता. रिक्षात बसल्यावर सर म्हणाले, "कळशी पडल्याचा आवाज लगेच आला. आमच्या विहिरीत कळशी पडली की आधी शांतता पडते, मग आवाज येतो."

महिन्याभराने त्या सिनेमाचं शूटिंग दाखवणारा व्हिडिओ मोबाईलवर आला. विहीर प्लायवूडची होती आणि एक माणूस आत उभा राहून पडलेली कळशी वर देत होता. पाणी त्याच्या कमरेपर्यंत होतं.

मी तो व्हिडिओ चार वेळा बघितला.

*

एकदा पुढच्या रांगेतले एक आजोबा सारखे मागे वळून बघत होते. शेवटी म्हणाले, "ओ, रेडिओ बंद करा जरा." मी इतकी घाबरले की पुढची दहा मिनिटं सरांना काही सांगितलंच नाही.

मग पडद्यावर नायकाला एक चिठ्ठी मिळाली. ती वाचून तो रडायला लागला.

आजोबा हळूच मागे वळले. "बाळ, काय लिहिलंय गं त्यात? माझा चष्मा घरी राहिलाय."

मध्यंतरानंतर ते उठून सरांच्या उजव्या बाजूला येऊन बसले.

*

आम्हाला नेणारा रिक्षावाला मधूदादा जूचंद्र गावचा. त्याचं तिकीट सर काढतात, आणि सिनेमा सुटल्यावर त्याला एकच प्रश्न विचारतात, "मधू, मोबाईल कधी काढलास?"

मधूदादा खरं सांगतो. "गान्याला काढला. नंतर तो वकील बोलत होता तवा काढला, तो ठेवलाच नाय." सर मला तेवढं टिपून घ्यायला सांगतात आणि त्यावरून सिनेमा कुठे रेंगाळला ते लिहितात.

एका छोट्या मराठी सिनेमानंतर मात्र मधूदादा रिक्षा सुरूच करेना. सरांनी विचारलं, "किती वेळा काढलास?"

तो म्हणाला, "मोबाईल रिक्षातच इसरलो होतो सर. आता बसलो तवा आठवन झाली."

त्याच सिनेमात मी चूक केली.

*

त्यात एका आईला घर सोडून जायचं असतं. मुलगी झोपलेली असते. आई पिशवी उचलते, दार उघडते. इथे माझे डोळे भरले आणि मला पडदा दिसेना. सरांनी विचारलं, "काय करतेय?"

मी म्हणाले, "मागे वळून बघतेय."

सरांनी शेवटचा सबंध परिच्छेद त्या वळण्यावर लिहिला. इतकं सुंदर त्यांनी दोन वर्षांत लिहिलं नव्हतं. लोकांनी त्याचा फोटो काढून एकमेकांना पाठवला.

नंतर मी आईबरोबर तोच सिनेमा परत बघितला. ती बाई वळत नाही. दार उघडते आणि निघून जाते.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं. ती बाई दारातून कशी जाते ते त्यांनी माझ्याकडून परत ऐकलं. मग म्हणाले, "वही घे."

मी लिहायला लागले. "मागच्या अंकात या जागी एक चूक झाली. ती आई वळत नाही. मी ते पाहिलेलं नाही, कारण दोन वर्षांहून जास्त काळ मला पडदा दिसत नाही. माझ्या शेजारी एक मुलगी बसते. मी जे पाहिलं ते तिने पाहिलं. ही चूक सोडून."

माझं पेन थांबलं. मावशी स्वयंपाकघरातून धावत आल्या. "अहो, सदर जाईल. नुसतं 'चूक झाली' एवढं लिहा ना. डोळ्यांचं कशाला?"

सर म्हणाले, "रिटा, न वळता जायला त्या बाईला किती जड गेलं असेल. आणि मी तिला वळवून मोकळा झालो." मग मला म्हणाले, "पाठव."

मी पानाचा फोटो काढला, मोबाईल माझ्या हातातच होता. मी सरांच्या चेहऱ्याकडे बघितलं. ओठ दाबलेले नव्हते. हात मांडीवर, स्थिर. मी पाठवलं.

हे काल संध्याकाळी झालं. आज सकाळपासून मी त्यांच्या ओटीवर बसून हे लिहितेय. सर आत खुर्चीत आहेत, त्यांनी चहाही घेतलेला नाही. आत्ता फोन वाजला. मावशींनी घेतला. त्या नुसतं "हो, हो" म्हणतायत, आणि आता त्या दारात आल्यात. "अगं, ऊठ. संपादक आहेत. सरांना द्या म्हणत नाहीत, म्हणतात, ती मुलगी कुठंय, तिला द्या." पण मावशी, मी फोनवर काय बोलणार, मला तर