गोगो डल्सीची काडतुसं

कारोई गावातल्या औषधाच्या दुकानात पुड्या बांधण्यात डल्सी राडेमायरची उभी हयात गेली. गोरी बाई, पण शोना भाषा आमच्याइतकीच खणखणीत बोलायची. सगळा गाव तिला गोगो म्हणायचा, म्हणजे आजी. तिचा नवरा हेनी घरी शिकाऱ्यांची काडतुसं भरून द्यायचा. तो गेला आणि गोगोनं त्याच्या खोलीला कुलूप घातलं. मग तिचं बोलणंही कमी झालं.

मी परवानाधारक शिकारी. जनावर माणसांवर उठलं की वस्त्यांवरून मला बोलावणं येतं. माझे म्हातारे मालक क्राउदर देश सोडून मुलाकडे निघाले, तेव्हा त्यांनी आपली जुनी दुनळी रायफल माझ्या हातात ठेवली. बंदूक राजेशाही, पण तिची काडतुसं संपलेली आणि नवी कुठंच मिळेनात. मी गोगोच्या दारात गेलो.

"मला नाही येत. हेनी भरायचा, मी नुसती बघायचे."

"तू जन्मभर बघितलंस, गोगो. मी तर एकदाही नाही."

तिनं रायफल हातात घेतली, दोन्ही नळ्यांतून उजेडाकडे पाहिलं. "काय अडचण आहे?"

मी सांगितलं. कारागिरानं दोन्ही नळ्या एका ठरावीक काडतुसासाठी जुळवलेल्या असतात. तो जोर मिळाला तरच दोन्ही गोळ्या एका जागी बसतात, नाहीतर उजवी उजवीकडे जाते नि डावी डावीकडे.

"दोन सवतींना एका चुलीवर नांदवायचंय म्हण की!" ती म्हणाली आणि किल्ली शोधायला उठली.

हेनीची पुस्तकं उघडून तिनं सगळ्यात कमी दारूपासून सुरुवात केली. औषधाच्या तराजूवर बसलेला तिचा हात जरा हलत नसे. गावाबाहेरच्या वारुळावर कागद लावून मी बार काढायचो. भोकांमध्ये वीतभर अंतर. ती उडालेल्या काडतुसांची पितळी नळकांडी उलटसुलट न्याहाळायची, कुठं फुगलं-चिरलं नाही ना बघायची आणि मगच पुढच्या खेपेला दारू किंचित वाढवायची. भोकं जवळ येऊ लागली.

आणि एक दिवस सगळं बिघडलं. एक गोळी नीट बसली, दुसरी भलतीकडे. तिसऱ्या वेळी चाप ओढला तर नुसतं खट्ट.

"हलू नकोस! नळी समोरच धर!" गोगो ओरडली. तेवढ्यात धाडकन बार उडाला.

ती गाडीच्या बॉनेटला टेकून चहा पीत उभी राहिली. मग एक भरलेलं काडतूस कानाशी हलवून तिनं माझ्या कानाला लावलं.

"ऐकू येतंय? आत खुळखुळतंय. काडतूस जुन्या दारूच्या मापाचं, हल्लीची दारू जागा कमी खाते, त्यामुळे पुढंमागं घसरते. दुकानात बाटली अर्धी भरली की आम्ही वर कापूस कोंबायचो, गोळ्या हलू नयेत म्हणून. हेनीही मोठ्या काडतुसांत असलंच काही घालायचा, आत्ता आठवलं."

घरी येऊन तिनं पलंगावरची एक उशी उसवली. आत सावरीचा मऊ कापूस होता. उशी हेनीची होती. तिनं क्षणभर ती नाकाशी धरली.

"गोगो, दुसरा कापूस आणतो मी."

"गप रे. त्याला आवडलं असतं हे." कापसानं जोर वाढतो, म्हणून तिनं दारू पुन्हा तळापासून मोजायला घेतली. मी कुरकुरलो, तर म्हणाली, "घाई असेल तर गोफण घे."

काही आठवड्यांनी वारुळावरच्या कागदात दोन भोकं एकमेकांना चिकटून बसली. गोगोनं कागदावरून बोट फिरवलं आणि हेनी गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं हसली.

पावसाळ्यानंतर चुंडूच्या वस्तीवरून निरोप आला. तारेच्या फासातून सुटलेला, पाय कापला गेलेला रानरेडा नदीवर पाण्याला जाणाऱ्या बायकांच्या अंगावर येत होता. माग काढत मी झाडोऱ्यात शिरलो, तर तो बाजूनंच उसळला. पहिल्या गोळीनं तो अडखळला, पण थांबला नाही. दुसरी तिथंच, तिच्या शेजारी बसली. तो माझ्या बुटांसमोर कोसळला. मी खाली बसून ढसाढसा रडलो.

गोगोला सांगितलं, तर तिनं आधी रिकामी नळकांडी मागून घेतली. नीट पाहिली, बाजूला ठेवली आणि मग माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

पुढच्या रविवारी चुंडूच्या बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कारोईला आल्या. बरोबर एक कोंबडा, भुईमुगाचं पोतं आणि एक ढोल.

"रेडा पाडणारी म्हातारी कुठली?" एकीनं फाटकातूनच विचारलं.

"मी कसली पाडतेय! पाडला यानं," गोगो लाजून म्हणाली.

"याला आम्ही ओळखतो. हा पळाला असता!"

अंगणात हशा पिकला. टाळ्यांच्या तालावर बायका नाचू लागल्या, चुलीवर मक्याच्या पिठाचा साडझा रटरटू लागला. कोणीतरी गोगोला हाताला धरून मध्ये ओढलं. गुडघे दुखतात म्हणत ती दोन पावलं नाचली, मग आणखी दोन.

संध्याकाळी ट्रॉली निघाली, तेव्हा ती फाटकाशी उभी राहून हात हलवत होती. "मुसेकिवा," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बरं झालं बाबा, तू आलास. घर फार गप्प झालं होतं."

भांडी घासायची होती. मी बाह्या वर सारल्या.